थांबवायचं बटण

माझ्या भावानं बटण दाबलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाईतर लोकं अर्ध्यातच तोंड वाकडं करतात, "बहीण आहे, बोलणारच." हाव, बहीण आहे. पण मी बहीण आहे म्हणून नाई सांगून राहिले. मले माहीत आहे म्हणून सांगून राहिले.

मी भूमिका. नेहरू नगरात हायवेच्या बाजूनं कोचिंगची जी रांग आहे, त्यातल्या एका क्लासात डिप्लोमाच्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवते. नवऱ्याचं नाव धनंजय. त्याचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आहे. लहान-लहान कारखान्यांना मशीन चालवायचे प्रोग्राम बनवून देते तो. माझा लहान भाऊ शुभम अन् आई बोरसीले राहतात. बाबा स्टील प्लांटातून रिटायर झाले अन् लगेच गेले, मंग शुभमले नोकरी लावून दिली ती धनंजयनंच. जामुलकडे भैय्याजींची रोलिंग मिल आहे, तिथं धनंजयचाच प्रोग्राम चालतो. तो चालवाले केबिनमध्ये बसणारा ऑपरेटर पाहिजे होता. आईनं तेव्हा जवायाची आरती ओवाळायचीच काय ते बाकी ठेवलं होतं.

आता त्या केबिनचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे.

केबिन वर, काचेची, अन् खाली लाइन. तापलेली सळई रोलरवरून अन् साखळीवरून पुढं जाते ती लाइन. केबिनमध्ये कॉम्प्युटर एक अन् स्क्रीन दोन. एका स्क्रीनवर सगळ्या लाइनचं चित्र, अन् खाली कोपऱ्यात लाल बटण, त्याच्यावर लिहिलेलं 'रोकें'. दुसरी स्क्रीन रिकामीच असायची. लाइनच्या बाजूनं लोखंडी जाळी आहे, कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून. ती जाळी कोणी उघडली की प्रोग्राम एक बॉक्स दाखवतो, 'जाली खुली है', अन् खाली 'ठीक है'. ते 'ठीक है' दाबल्याशिवाय मागच्या चित्रातलं काहीच चालत नाई. अशा बॉक्सले आमच्या धंद्यात मोडल म्हणतात. तो रस्ता अडवून उभा राहतो, आधी मले उत्तर दे म्हणतो, अन् तवर मागच्या खिडकीवर कुठंही क्लिक करा, नुसतं 'टुंग' वाजते.

ऑपरेटर लोकांना तो बॉक्स चित्राच्या मधोमध नको असायचा. त्यांनी तो ओढून दुसऱ्या स्क्रीनवर नेऊन ठेवला होता. तेव्हापासून तो तिथंच उघडायचा.

तुम्ही म्हणाल, थांबवायचं बटण कॉम्प्युटरातच कावून? लाइनजवळ खरंखुरं लोखंडी बटण नव्हतं काय? होतं ना. बिघडलेलं होतं. भैय्याजी म्हणायचे, "स्क्रीन पे है ना, बस." कीबोर्डही त्यांनी कपाटात बंद करून ठेवला होता, लोकं व्हिडिओ पाहत बसतात म्हणून. केबिनमध्ये ऑपरेटरच्या हातात काय, तं एक माऊस.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. ह्या गावात त्या दिवशी लोखंडाले हात लावत नाई कोणी. साध्या पंक्चरवाल्याच्या पान्यालेही टिळा लागते, मंग मिलमध्ये तं मोठा मंडप, मूर्ती, बुंदी, भोंगा. पण लाइन काही उचलून मंडपात नेता येत नाई. म्हणून मिलमध्ये त्यांची एक रीत होती. केबिनमधली ती दुसरी स्क्रीन, रिकामी असते ती, तिले काढून नेऊन मूर्तीच्या बाजूले बसवायची. सगळ्या लाइनच्या नावानं तीच पूजा घ्यायची. तिले हळद-कुंकू, तिले फूल, तिच्यापुढं नारळ. अन् खाली लाइनच्या साखळीले झेंडूचा हार. विसर्जन होईस्तोवर हार काढायचा नाई, स्क्रीन उठवायची नाई. कॉम्प्युटरही बंद नव्हता केला कोणी. पूजेच्या दिवशी विझवू नये म्हणे.

हार घातला तो रोशननं. रोशन म्हणजे मिलमधला फिटर, शुभमचा जिगरी. जामुलातच घर, घरी आई एकटी. शुभमच्या डब्यातली भाजी तो खायचा अन् शुभम त्याच्या आईच्या हातचा चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, खायचा, असं चाललं होतं त्यांचं. मागच्या दिवाळीले आमच्याकडं आला तं आईले म्हणे, "काकी, मला पण मराठी शिकवा, हा शुभम शिव्या देते ते समजत नाही." आई इतकी हसली होती.

विसर्जन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. पण भैय्याजींना माल पाठवायचा होता, म्हणून त्यांनी सकाळीच लाइन चालू करवली. लोकं कुरकुरली. विसर्जनाआधी मशीन चालवायची नसते, मालूम आहे सगळ्यांले. पण मालकाच्या पुढं कोण बोलन? लाइन चालू झाली, तशीच, हारासकट.

हार साखळीत गुंतला. दोरा रोलरले गुंडाळत चालला. रोशननं पाह्यलं, अन् देवाचा हार तुटू नये म्हणून त्यानं जाळी उघडली अन् हात घातला. हाराच्या दोऱ्यानं त्याची बाही ओढली.

शुभमनं वरून काचेतून पाह्यलं. माऊस हातातच होता. त्यानं लाल बटण दाबलं.

टुंग.

परत दाबलं. टुंग. परत. टुंग. त्याच्यासमोर स्क्रीन जशीच्या तशी, चित्र चालू, लाल बटण समोर, अन् त्याच्यावर काहीच नाई. आवाज मात्र येऊन राहिला. काचेच्या आत ओरडला तं खाली ऐकू येत नाई, एवढा गोंगाट. तो दाबतच राहिला. खालच्या एकानं पळत जाऊन पॅनलवरचा मेन स्विच पाडला, तेव्हा लाइन थांबली. तोवर रोशन गेला होता.

खालून लोकांना काय दिसलं? रोशन अडकला, अन् शुभम वर खुर्चीत बसलेला. "बैठा रहा साला," असं म्हटलं लोकांनी. "उतरा तक नहीं." भैय्याजी पोलिसांसमोर म्हणाले, "मोबाइल में लगा होगा. आजकल के लड़के." शुभमवर केस झाली. अन् जाँच करणारे साहेब येऊन मशीन पाहणार होते, चूक मशीनची का माणसाची ते ठरवाले. मशीनची निघाली तं शुभम सुटन, माणसाची निघाली तं आयुष्यभर तो रोशनले मारणारा. एवढं साधं होतं ते.

मी बोरसीले गेले तं शुभम खाटेवर बसलेला. जेवण तसंच. अन् त्याचं उजव्या हाताचं बोट चादरीवर हलून राह्यलं होतं. टक. टक. टक. माऊस दाबल्यासारखं. आई त्या बोटावर हात ठेवायची, हात काढला की बोट परत सुरू.

"ताई, मी दाबलं," तो म्हणे. "कसम से, मी दाबलं. बंदच नाई झालं."

"मंग बॉक्स आला असन ना, शुभम? जाळी उघडली की बॉक्स येते."

"नव्हता ना ताई! बॉक्स नव्हता. असता तं मी ठीक है नसतं दाबलं? रोज दाबतो मी."

खरं सांगू? मलेही वाटलं, पोरगा घाबरला असन, हात गारठले असतील, अन् आता त्याले तसं आठवत असन. बहीण असून मले असं वाटलं. मंग दुसऱ्यांना काय बोलायचं.

नंतर त्याचा डबा अन् रेनकोट आणाले मी मिलमध्ये गेले. केबिनमध्ये कोणी नव्हतं, लाइन बंद. डबा टेबलाखाली होता. वाकून उचलला, वर पाह्यलं, अन् दुसऱ्या स्क्रीनवर नजर गेली. तिच्या कडेले कुंकवाचं बोट लागलेलं होतं, वाळलेलं. झेंडूची पाकळी खालच्या खाचेत. पहिल्या स्क्रीनवर काही नाई. मी गेटवरच्या चौकीदाराले विचारलं, "भैया, इस पे टीका कैसे लगा?"

"ये तो मंडप में बैठती है न दीदी, हर साल. विसर्जन के बाद वापस लगाए."

मी त्या ऑपरेटरच्या खुर्चीत बसूनच घेतलं.

का ते सांगते. मी दर बॅचले हे शिकवते अन् दर बॅचमध्ये पोरं जांभया देतात. बॉक्स उघडताना तो कोणत्या खिडकीचा आहे, म्हणजे त्याची मालक खिडकी कोणती, ते सांगायचं असते, म्हणजे तो तिच्या पुढं, तिच्याच स्क्रीनवर उघडते. अन् काम झालं की त्याले खरंच बंद करायचं, नुसतं लपवून नाई ठेवायचं. लपवला तं तो आपली जुनी जागा धरून बसतो. पुढच्या वेळी बोलावलं की तिथंच उघडते. अन् ती जागा ज्या स्क्रीनवर होती ती स्क्रीनच कोणी काढून नेली असली, तं? तरी तिथंच उघडते. कोणाले दिसत नाई, पण उघडा असते. मागची खिडकी अडवून उभा असते. तुम्ही दाबा, टुंग. दाबा, टुंग.

शुभमच्या स्क्रीनवर बॉक्स नव्हता. बॉक्स मंडपात होता, विश्वकर्म्याच्या बाजूले, जिथं वायरच लागलेली नव्हती.

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी धनंजयच्या ऑफिसात गेले. "तुमचा मिलचा प्रोग्राम दाखवा," म्हटलं. त्यानं कावून विचारलं नाई, लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मले शोधावंही लागलं नाई फारसं. बॉक्स उघडताना मालक दिलेला नाई. 'ठीक है' दाबल्यावर बंद करायच्या जागी लपवलेला. पहिल्याच महिन्यात पोरांना मी ज्याच्यासाठी रागावते, तेच.

त्याच्या टेबलावरही दोन स्क्रीन होत्या. मी बॉक्स दुसऱ्या स्क्रीनवर नेला, 'ठीक है' दाबलं, मंग तिची वायर ओढून काढली अन् बॉक्स परत बोलावला. काही आलं नाई. मी 'रोकें' दाबलं.

टुंग.

धनंजयचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाह्यला नव्हता. "अरे देवा," एवढंच बोलला तो. खुर्चीवर मागं टेकला. मले दया आली त्याची, खरंच आली. मी म्हटलं, "अहो, होते चूक. कोणाले माहीत होतं ती स्क्रीन मंडपात जाते? तुम्ही कुठं पाहाले गेले होते?"

"याला दुरुस्त कसं करशील तू?" त्यानं विचारलं.

अन् मी शहाणी, बसले ना टाइप कराले! त्याच्याच खुर्चीत बसून. मालक दिला. लपवायच्या जागी बंद केला. उघडताना जुनी जागा आहे का, कोणत्या स्क्रीनवर दिसून राहिली का, ते पाहायचं, दिसत नसली तं मालकाच्या मधोमध उघडायचं. चार-सहा ओळींचं काम. वायर काढून परत चालवलं, बॉक्स टपकन समोर आला. मले तेव्हा बरं वाटलं, शिकवणाऱ्या माणसाले वाटते तसं. आता त्या आनंदाची आठवण आली तरी स्वतःच्या हातावर चटका द्यावा वाटते.

"तुम्ही साहेबांना सांगाल ना?" मी विचारलं.

"सांगतो. बुधवारी जाँच आहे, त्यांच्यासमोरच करून दाखवतो. पण तोवर तू कोणाला बोलू नको, भूमिका. तुझ्या तोंडून आलं तर बहीण म्हणून उडवून लावतील. माझ्या तोंडून आलं पाहिजे."

बरोबर बोलला तो. मले पटलं. फक्त बोरसीले जाऊन मी शुभमले सांगतलं, कानात सांगावं तसं, "तू खरं बोलून राहिला होता. बॉक्स दिसतच नव्हता तुले. बुधवारी भाऊजी सगळ्यांसमोर दाखवणार आहेत." तो माझ्याकडं पाहतच राह्यला. मंग रडला. रोशन गेल्यापासून पहिल्यांदा रडला, अन् मंग आईनं केलेला झुणका-भाकर पोटभर खाल्ला. आई दारात जाऊन हात जोडून आली. "जवाई नाई तो, लेक आहे माझा," म्हणे.

बुधवारी सकाळी आम्ही सगळे केबिनमध्ये. साहेब चांगला माणूस होता, हे मी म्हणणार. शांत, कोणावर ओरडत नव्हता. भैय्याजी दारात उभे. शुभम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. धनंजय कॉम्प्युटरपुढं.

दोन्ही स्क्रीन लावलेल्या होत्या. रिकामी लाइन चालू केली, खाली एकानं जाळी उघडली. दुसऱ्या स्क्रीनवर बॉक्स आला. 'ठीक है' दाबलं, बंद झाला. 'रोकें' दाबलं, लाइन थांबली. "ठीक तो चल रहा है," साहेब म्हणाले.

मी धनंजयकडं पाह्यलं. हा आता बोलन. आता बोलन. तो माऊसची वायर सरळ करून राहिला होता.

मंग मीच बोलले. "सर, उस दिन ये दूसरी स्क्रीन यहाँ थी ही नहीं. मंडप में थी. इसको निकाल के चलाइए." भैय्याजी काही बोलाले गेले, साहेबांनी हात केला. "निकालिए." वायर मी स्वतः काढली. मी तं खुशीत होते! शुभमकडं पाहून मान हलवली, आता पाह्य म्हणून.

खाली जाळी उघडली.

बॉक्स आला. स्क्रीनच्या मधोमध, स्वच्छ, 'जाली खुली है'. माझाच बॉक्स. माझ्या हातच्या ओळींचा.

साहेबांनी शुभमले खूण केली. शुभम पुढं झाला, 'ठीक है' दाबलं, बॉक्स गेला. 'रोकें' दाबलं, लाइन थांबली.

"सर, ये बदला है!" मी ओरडले. "इन्होंने बदला है! मैंने ही बना के दिया था, रविवार को! पहले ऐसा नहीं था, पहले बॉक्स दिखता ही नहीं था!"

साहेबांनी धनंजयले विचारलं, "आपने कुछ बदला है?"

"नहीं सर." आवाज एकदम साधा. "पुराना ही है. सर, ये मेरी पत्नी हैं. लड़का इनका भाई है. आप समझ सकते हैं."

"मॅडम, पुराना वाला कहीं है आपके पास?"

कुठून असणार? लॅपटॉप त्याचा, ऑफिस त्याचं. नंतर वकिलानंही तेच विचारलं, जुनी कॉपी आणा म्हणे. सगळं पुसलं होतं त्यानं, अन् नव्याची तारीखही मागची करून ठेवली होती. त्याले येते तेवढं.

पण ते नंतर. तेव्हा केबिनमध्ये साहेब शुभमकडं वळले, अन् अगदी हळू विचारलं, "बेटा, तुम बताओ. उस दिन ये बॉक्स आया था?"

शुभम स्क्रीनकडं पाहून राहिला होता. त्यानं एकदा माझ्याकडं पाह्यलं, एकदा भाऊजीकडं. दोन शिकलेली माणसं, घरचीच, अन् दोघं दोन गोष्टी सांगून राहिलेली. अन् मधात तो बॉक्स, डोळ्यांनी दिसलेला.

"ताई," तो मले म्हणे, "येऊन तं राहिला ना."

"शुभम, नाई! ऐक माझं..."

"आया होगा सर," शुभम म्हणाला. "मैंने ही नहीं देखा होगा."

घरी आल्यावर मी धनंजयले वरच्या मजल्यावर गाठलं. काय-काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाई, गल्लीत ऐकू गेलं असन. लग्नापासून अहो-जाहो केलं, त्या दिवशी अरे-तुरे केलं. तो खुर्चीत बसून ऐकून घेत होता. मंग म्हणाला, "शुभमची नोकरी जाईल, शिक्षा फार होणार नाही, वकील मी देतो. माझं नाव गेलं तर सगळंच जाईल. भैय्याजी पण सोडणार नाही मला."

"अन् रोशन?"

"रोशनसाठीच केलं." माझ्याकडं पाहून बोलला तो, नजर न चुकवता. "जिथं-जिथं माझा प्रोग्राम आहे, सगळीकडे जाऊन बदलून आलो मी. दोन दिवस तेच केलं. आता कुठेच असं होणार नाही. चूक दुरुस्त करायची असते ना? तूच शिकवतेस पोरांना."

त्याच्या थोबाडीत मारायची होती मले. नाई मारली, त्याचा आजही राग येते. कारण तो खरं बोलून राहिला होता. बाकीच्या केबिनींमध्ये बसणारी पोरं आता वाचणार होती, माझ्याच ओळींनी. अन् त्याच ओळींनी माझा भाऊ जिवंतपणीच मेला होता. मी बॅग भरली अन् बोरसीले आले. अजून तिथंच आहे. त्याचा फोन येते, मी उचलत नाई.

शुभम आता शांत असतो. जेवतो, आंघोळ करतो, आईले भाजी आणून देतो. आईले वाटते सुधारला. मले भीती वाटते. मी एक दिवस त्याले ओढत क्लासवर घेऊन आले. पोरं जेवाले गेली होती. दोन स्क्रीन लावल्या, अन् बसल्या-बसल्या मी तो जुना बॉक्स परत बनवला, चुकीसकट. वर्षानुवर्षं मी पोरांना असं करू नका म्हणत आले, अन् त्या दिवशी मन लावून तेच केलं. मालक नाई दिला. बंद नाई केला, लपवला. खाली कोपऱ्यात लाल बटण ठेवलं. त्याच्यासमोर दुसऱ्या स्क्रीनची वायर काढली.

"बस इथं. दाब."

तो बसला. दाबलं. टुंग.

त्याच्या खांद्यांना झटका बसला. मले वाटलं, आला, ओळखला त्यानं आवाज. "हाच ना? शुभम, हाच आवाज होता ना? पाह्य, बॉक्स दिसून राहिला काय तुले? नाई ना? असंच झालं होतं रे राजा. तू दाबलं होतं."

त्यानं माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला. मंग माझ्याकडं पाहून हसला, लहानपणी मी त्याले गणित करून द्यायची तेव्हा हसायचा तसा.

"ताई, हे तं तू बनवलं."

"अरे, पण तसंच..."

"तुले कसाही बॉक्स बनवता येते, ताई. मले वाचवासाठी तू काहीही बनवशील." तो उठला. "मी डोळ्यानं पाह्यला ना त्या दिवशी, साहेबासमोर. येते तो बॉक्स. मी घाबरलो असन. मले नाई दिसला."

"कुठं चालला?"

"जामुलले. रोशनच्या आईकडं. अजून गेलोच नाई मी. आतापर्यंत वाटायचं, माझी चूक नाई तं काय तोंडानं माफी मागू." चपला घालून राहिला होता तो, शांतपणे. "आता मागता येते."

मी दारात आडवी उभी राहिले. रडले, ओरडले, त्याच्या शर्टाले धरलं. त्यानं माझी बोटं एक-एक करून सोडवली, दुखू न देता, अन् खाली उतरून हायवेकडं गेला. तेव्हा मले दिसलं. त्याचा उजवा हात बाजूले लोंबत होता, अन् त्याचं ते बोट, इतके दिवस आईनं हात काढला की परत सुरू व्हायचं ते, अगदी स्थिर होतं.

दाबलं होतं हो त्यानं. दाबत होता तो. दाबतच होता.